खड्ड्यातून ऐकलेलं परीक्षण

नाटकाच्या रात्री माझी जागा खड्ड्यात असायची. विदर्भाच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीत रंगमंच म्हणजे मातीचा ओटा. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खोदायची, निघालेली माती पुढे टाकून धुमसून घ्यायची, बाजूंनी बांबू आणि ताडपत्री, मागे रंगवलेले पडदे. या मंचाच्या ऐन पुढ्यात प्रॉम्प्टरचा खड्डा. त्यात उतरून, पुठ्ठ्याच्या आडोशाला लावलेल्या बल्बखाली नाटकाची वही धरून तो बसतो आणि नांदीपासून भैरवीपर्यंत प्रत्येक वाक्य नटाच्या आधी बोलतो. शाळेत मी मराठी शिकवायचो आणि दिवाळीनंतरच्या मंडयांच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत मोहाडी-तुमसर भागातल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचो. तोंड नटाकडे, पाठ प्रेक्षकांकडे. त्यामुळे प्रेक्षक मी पाहिले कमी, ऐकले जास्त.

पाठीमागून काय ऐकू येतं? शेंगा फोडण्याचा आवाज सगळ्यात आधी. तो थांबला की प्रवेश पकडला असं समजायचं. बायांच्या बाजूने बांगड्या हलक्या किणकिणल्या की पदर डोळ्यांना लागले. गादीवरची मंडळी खाकरू लागली की नटाने वाक्य गाळलेलं त्यांच्या लक्षात आलेलं असतं. आणि आगकाड्या. एक काडी ओढली तर कोणाला तरी बिडीची तलफ आली. पण पाच-सहा काड्या एकामागोमाग ओढल्या गेल्या, तर प्रवेश लांबलाय. तेव्हा मी दोन वाक्यं सोडून तिसरं सांगायचो आणि शहाणा नट ते उचलायचा. नाटक लिहिणाऱ्याला हे आवडलं नसतं, पण रात्री दोन वाजता जमिनीवर बसलेल्या माणसाचं मत मला लेखकाच्या मताइतकंच मोलाचं वाटत आलं.

झाडीपट्टीत नाटक उदंड आहे पण नाट्यसमीक्षा नाही, असं नागपूरच्या, पुण्याच्या विद्वानांकडून मी अनेकदा ऐकलं. इथला प्रेक्षक समोर येईल ते गोड मानून घेतो, असा त्याचा अर्थ. मला हे मान्य नाही. आमच्याकडे समीक्षेला इतिहास आहे आणि तो छापील परीक्षणापेक्षा जुना असावा. फक्त तो कागदावर नाही, म्हणून तो इथे मांडतो.

आमचं मोहाडी हे भंडारा-तुमसर रस्त्यावरचं गाव. चौंडेश्वरी देवीचं ठाणं म्हणून लोकांना माहीत. तालुका धानाचा, त्यात आंधळगावसारखी कोशाच्या कापडासाठी नाव असलेली विणकरांची गावं. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन झालं की मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, म्हणजे पाहुण्यांना या गावाहून त्या गावाला जाता येतं. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचत येतात, ढिवरांच्या बाया उकडलेले शिंगाडे घेऊन बसतात, जिलेबीच्या कढया लागतात, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. हलकं धान घरात आलेलं असतं, भारी धान उभं असतं, हातात थोडा पैसा असतो. रात्री काय ठेवायचं, हा मंडईच्या मंडळापुढचा मोठा प्रश्न. लाखांदूरकडे, वडशाच्या बाजूला नाटकाशिवाय मंडई होत नाही. आमच्या उत्तरेकडच्या भागात खडी गंमतीचं वेड अधिक.

या दोहोंच्या आधी दंडार. दंडारीला कोणी सुरुवातीचं साल देऊ शकत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला सीतास्वयंवर केलं, ते मराठी नाटकाचं आरंभवर्ष मानतात. इकडे झाडीत गावचे शेतकरी तेव्हाही दिवाळीत सोंगं घेऊन रात्रभर नाचत-गात असणार, याबद्दल दंडारीचा अभ्यास करणाऱ्यांना फारशी शंका वाटत नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि इथल्या लोकरंगभूमीचा अभ्यास उभा केला नसता, तर हेही आमच्या तोंडीच राहिलं असतं. दंडारीत नट आणि प्रेक्षक एकाच गावचे. काल ज्याच्या बांधीत रोवणं केलं तो आज राणी होऊन उभा आहे. त्याचं सोंग जमलं नाही, तर ते त्याला दुसऱ्या दिवशी नांगराच्या मुठीवर हात असताना ऐकावं लागे, आणि तेही थोरामोठ्यांकडून, नावानिशी.

खडी गंमतीत तर टीका हाच कार्यक्रम. डफ, ढोलकी, तुणतुणं घेऊन मंडळी उभ्यानेच गातात. गण, गवळण, नाच्याची अदाकारी, सोंगाड्याची फिरकी हे सगळं त्यात असतंच. पण खरी गर्दी लोटते ती दुय्यमला. दोन शाहीर, दोन पार्ट्या, मांडव एक. एक तुऱ्याचा, एक कलगीचा. तुरेवाला शिवाचा मोठेपणा गातो, कलगीवाला शक्तीचा. एकाने पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच जबाब द्यायचा, आणि जबाब देण्याआधी समोरच्याच्या गाण्यातली खोट काढायची. कुठे मात्रा सांडली, कुठे पुराणातला मामा भाचा करून टाकला, कुठे सिनेमाची चाल उचलून आपली म्हणून गायली. टीका करणारा आणि टीका झेलणारा हातभर अंतरावर उभे, आणि समोर अख्खं गाव.

लहानपणी वडिलांसोबत मी दुय्यम ऐकायला जायचो. आमच्या घरची बाजू तुऱ्याची. वडील पुढे बसत आणि आपल्या शाहिराच्या प्रत्येक टोल्याला मान हलवीत. एका रात्री कलगीवाल्याने आमच्या शाहिराला महाभारतातल्या एका सवालावर अडकवला. आमचा शाहीर गोल गोल फिरून तेच कडवं परत गाऊ लागला. मांडवात चुळबुळ. वडील उठले, खिशातून नोट काढली आणि कलगीवाल्याला दिली. नाच्याने त्यांचं नाव घेऊन बक्षीस पुकारलं तेव्हा आमच्या बाजूची माणसं गप्प झाली. घरी परतताना मी विचारलं, आपण तर तुऱ्याचे ना? ते म्हणाले, ‘तुऱ्याचेच आहोत रे बाबू, पन सवाल त त्यानंच मारलन.’ आपल्या माणसावर जीव असणं आणि त्याची चूक दिसणं, या दोन गोष्टी एका मनात राहू शकतात, हे मी त्या रात्री शिकलो. पुढे वर्गात रसग्रहण शिकवताना मला पुस्तकापेक्षा हीच रात्र उपयोगी पडली.

संगीत नाटक इकडे पोचलं ते रेल्वेने. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात झाले. त्याच दशकात नागपूरहून पूर्वेला रूळ पडत गेले आणि आमच्या तालुक्यातल्या वरठीला भंडारा रोड स्टेशन झालं. नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यात नागपूर-वऱ्हाड हा भाग कमाईचा मानला जाई. नागपूरला बैलगाडीने किंवा गाडीने जाऊन ज्यांनी नाटकं पाहिली, त्यांनी पदं कानात भरून आणली आणि गावोगाव हौशी मंडळं निघाली. सौभद्र, शारदा, मानापमान, एकच प्याला. पेटी वाजवणारा गावातलाच, बरेचदा भजनी मंडळातला. ‘एकच प्याला’तल्या सिंधूचं काम करणारा शिंपी, नाही तर पोस्टमन.

छापील नाट्यपरीक्षणाचा इतिहासही विदर्भाला परका नाही, हे आमच्या लोकांना सांगायला हवं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडातले वकील. त्यांचं नाव साहित्यात प्रथम झालं ते नाटक लिहून नव्हे, तर ‘विक्रम-शशिकला’ या नाटकावर विविधज्ञानविस्तार या मासिकात परीक्षण लिहून. पुढे त्यांनी स्वतः वीरतनय लिहिलं, पारशी रंगभूमीच्या वळणाच्या चाली आणल्या, आणि मग त्यांच्यावर टीका झाली. कथानक गुंतागुंतीचं, चाली परक्या. प्रेक्षक त्या चाली गुणगुणत घरी गेले. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला नागपूरजवळच्या सावनेरला वारले. एकच प्याला रंगभूमीवर आलं त्यानंतर महिनाभराने. त्यातली पदं गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची. सिंधूच्या सोशिकपणावर विद्वान आजवर भांडत आले आहेत. आमच्याकडच्या बायांना त्या भांडणाची गरज पडली नाही. गावात दारूने बसलेली घरं त्यांच्या नजरेसमोर होती, आणि सिंधूने काय करायला हवं होतं यावर त्या पाणवठ्यावर माझ्या आईसमोर बोलत. ‘माहेरी जावाले पायजे होता’ असं म्हणणाऱ्याही त्यात होत्या.

बालगंधर्वांच्या काळात शहरातल्या टीकाकारांची तक्रार होती की वन्समोरांनी नाटक बुडतं, नाटकाची मैफल होते. तक्रार खरी होती. गंधर्वांच्या चाहत्यांनी ती ऐकली आणि पुन्हा वन्समोर मागितला. १९११ च्या १२ मार्चला मानापमानचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांचं लहान मूल गेलं होतं, तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. अशा माणसावर लोकांचा जीव असतो तेव्हा चार ओळींच्या परीक्षणाने तो हलत नाही. पुढे १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. इब्सेनच्या वळणाचं, बोलणं घरच्यासारखं, गाणी मोजकी. शहरातल्या जाणकारांची आवड तिथून बदलली. त्यानंतर जे नाटक गात होतं ते जुनाट ठरलं.

झाडीपट्टीवर पुढे जी टीका झाली तिचं मूळ मला इथे दिसतं. आमचा भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात. १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवर गाणं मागे पडलं, तो बदल इकडे आला नाही आणि आम्ही तो मागितलाही नाही. मग कोणी समीक्षक वाट वाकडी करून आला की हातात शहरातली मोजपट्टी. माधव मनोहर, ज्ञानेश्वर नाडकर्णी यांचं लेखन मी आवडीने वाचलं. नाटकाच्या गोष्टीचं मूळ कोणत्या विलायती नाटकात आहे, हे माधव मनोहर ज्या नेमकेपणाने दाखवत ते पाहून मी थक्क व्हायचो. पण ती दृष्टी ज्या नाटकासाठी तयार झाली, ते तीन तासांचं, बंद नाट्यगृहातलं. आमचं नाटक रात्री दहाला उभं राहतं आणि पहाटे मोडतं. मध्ये थंडी असते, लेकरं झोपतात, उठतात, पुन्हा झोपतात. गाणं नसेल तर माणूस त्या रात्रीतून पार कसा पडणार? पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यांचं ‘कट्यार काळजात घुसली’ डिसेंबर १९६७ मध्ये आलं आणि गाणारं नाटक शहरातही पुन्हा गर्दी खेचू शकतं हे दिसलं. तेव्हा आमच्याकडे कोणाला नवल वाटलं नाही.

आता प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो ते सांगतो, कारण आमच्या समीक्षेचं वजन त्यातच आहे. नाटक कंपन्यांचं ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. पन्नासच्या आसपास कंपन्या तिथे कार्यालयं थाटून बसतात. दिवाळीच्या सुमारास गावोगावची मंडळं तिकडे जातात. कोणतं नाटक, कोणती तारीख, नट कोण, गायिका कोण, रक्कम किती. ठरलं की इसार द्यायचा. पण इसार देण्याआधी गावातले चार जण दुसऱ्या गावी जाऊन ते नाटक पाहून आलेले असतात, निदान त्या कंपनीचं गेल्या हंगामातलं काम पाहिलेलं असतं. ही चार माणसं म्हणजे आमचे समीक्षक. त्यांच्या मताला किंमत आहे, कारण नाटक पडलं तर तोटा मंडळाच्या अंगावर येतो आणि वर्षभर गावाचं बोलणं ऐकावं लागतं. त्यांच्यात एकाचा तरी कान गाण्याचा असतो. एक जण फक्त विनोदी नट पाहतो. एक जण, हे मी नेहमी पाहिलं, नाटकाकडे न बघता बायांच्या बाजूला बघत बसतो. त्या उठून गेल्या की यांचा निर्णय झाला.

नव्वदच्या दशकात एका शहरी पेपरच्या पुरवणीत आमच्या भागात झालेल्या एका नव्या नाटकावर परीक्षण आलं होतं. नाटक शेतकऱ्याच्या कर्जाचं. कंपनीचं, पेपरचं नाव घेण्यात अर्थ नाही. लिहिणारा अभ्यासू होता, भाषा चांगली होती. मुद्दे चार. गाण्यांमुळे कथानक अडतं. रडारड फार. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी ऐकू येतो. आणि शेवटचा, प्रेक्षक भाबडा असल्याने हे सगळं खपून जातं.

पुरवणी बसस्टँडजवळच्या चहाटपरीवर आली आणि दुपारपर्यंत गावभर झाली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवली गेली. प्रॉम्प्टिंगच्या मुद्द्यावर कोणी रागावलं नाही. त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नट आज एका गावी, उद्या दुसऱ्या, नाटकही रोज वेगळं. तालमीला वेळ नाही. वही आणि खड्ड्यातला माणूस यांच्या जोरावरच हंगाम उभा राहतो. पुढच्या दोन रांगांना आमचा आवाज येतो आणि त्या रांगा तो बाजूला ठेवून ऐकायला शिकलेल्या असतात. रडारडीवर मात्र एक रोवणेकरीण बाई मला शाळेच्या फाटकाशी थांबवून बोलली. ‘गुरुजी, आमच्या घरी कोनी मेला त रडाले सवड नाई भेटत, रोवना आंगावर असते. मंग वर्सातून एक रात नाटकात बसून रडलो, त पेपरवाल्याचा का गेला जी?’ नाटकाने माणसाला रडवावं की नाही यावर मी बरंच वाचलं आहे. इतकं पटणारं उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही.

सगळ्यात जास्त बोचला तो भाबडा हा शब्द. त्यावर पेपरला पत्र लिहायचं ठरलं. रात्री समाजमंदिराच्या ओट्यावर माणसं जमली. मी वही घेतली, लोक सांगत गेले. पत्र सुरू झालं तेव्हा सूर होता आमचं नाटक चांगलं आहे हा. पण पाचव्या-सहाव्या वाक्याला आंधळगावचे एक विणकर काका म्हणाले, ‘अन् हेबी लिवा, का पेपरवाल्यानं बैल पायलाच नाई.’ कोणता बैल? तिसऱ्या अंकात शेतकरी बैलजोडी विकतो. त्यावर मोठं करुण पद आहे. चौथ्या अंकात पहाट होते आणि पडद्यामागून बैल हंबरतो. विकलेला बैल गोठ्यात आला कुठून? सगळे खो खो हसले नाहीत, उलट एकदम गंभीर झाले, कारण ते सगळ्यांनी ऐकलं होतं आणि सगळ्यांनाच खटकलं होतं. मग एकामागून एक मुद्दे निघाले. सावकार मृगात कर्ज मागायला येतो, तेव्हा शेतकऱ्याकडे काय असतं? त्याने यायचं ते धान निघाल्यावर. बायको कपाळावर हात मारून घेते त्या प्रवेशात तिच्या हातात नव्या बांगड्या, गहाण टाकल्या त्या कुठल्या? आणि भैरवी. नायकाने तिसऱ्या अंकाच्या शेवटीच भैरवी गायली. भैरवी झाली म्हणजे नाटक संपलं, असं समजून म्हातारी माणसं कांबळी झटकून उभी राहिली, आणि पुढे दीड तास नाटक चाललं. ‘गवयाले येवढा समजाले नको?’

पत्र संपलं तेव्हा ते परीक्षणापेक्षा कडक झालं होतं. शेवटी लोकांनी एक ओळ घालायला लावली, की वरील दोष असूनही हे नाटक आम्ही पुन्हा बघू, कारण कर्जदाराच्या दारातला दुसऱ्या अंकातला प्रवेश खरा आहे. पेपरात पत्र चार ओळींचं होऊन छापलं गेलं. दुसरी प्रत मंडळाच्या माणसांनी वडशाला जाताना सोबत नेली आणि कंपनीच्या मॅनेजरच्या हातात दिली. पुढच्या हंगामात तुमसर तालुक्यात त्याच नाटकाला मी खड्ड्यात होतो. चौथ्या अंकात पहाट झाली, कोंबडा आरवला. बैल नव्हता. वहीत ती सूचना निळ्या शाईने खोडलेली होती.

दूरच्या देशांतही समीक्षक आणि प्रेक्षक यांचं हे भांडण आहे. लंडनला ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘ले मिझराब्ल’ या संगीत नाटकाला तिथल्या बहुतेक टीकाकारांनी झोडपलं. ह्यूगोच्या कादंबरीचं गाणं-बजावणं केलं म्हणून. तरी तिकीटखिडकीवर रांगा लागल्या आणि ते नाटक अनेक दशकं चाललं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २००३ साली ‘विकेड’ आलं, त्यालाही मोठ्या पेपरांची शाबासकी मिळाली नाही. मुलींनी, त्यांच्या आयांनी ते डोक्यावर घेतलं. तिथे वाईट परीक्षण आलं की चांगलं नाटकही आठवड्यात बंद पडू शकतं, इतका पैसा अडकलेला असतो. त्यामुळे चाहत्यांना आपल्या नाटकासाठी अक्षरशः उभं राहावं लागतं, तिकीट पुन्हा काढून. मला या चाहत्यांबद्दल आपुलकी वाटते. एक फरक मात्र दिसतो. त्यांचा निवाडा त्या एका नाटकापुरता. आमच्याकडे तो कंपनीवर, नटावर, गायिकेवर पुढच्या हंगामापर्यंत राहतो, आणि नटाला त्याच माणसांसमोर पुन्हा यायचं असतं.

आमच्या प्रेक्षकाचा निवाडा नेहमी बरोबर असतो, असं मी म्हणणार नाही. दोन अंकांच्या मध्ये नाटकाशी संबंध नसलेला नाच घालायची रीत पडली, त्याला हंगामा म्हणतात. ती रीत पडायला शिट्ट्या मारणारी आमचीच तरुण पोरं कारण झाली. बाहेरच्या समीक्षकांनी त्यावर कडक लिहिलं, ते योग्यच होतं. पण त्यांच्याही आधी बायांनी ते सांगितलं होतं. हंगामा सुरू झाला की त्या पाठ फिरवून बसायच्या, लेकरांना उठवून लघवीला न्यायच्या. मी खड्ड्यातून तो आवाज ओळखायचो, शेकडो लुगड्यांची एकदम होणारी सळसळ. काही मंडळांनी त्यामुळे करारातच अट घालायला सुरुवात केली. दुसरीकडे नवरगावच्या सदानंद बोरकरांसारख्या नाटककाराने शेतकऱ्याच्या मरणावर ‘आत्महत्या’ लिहिलं आणि लोकांनी ते गावोगाव बोलावलं. विषय जड, हसू कमी, तरी बोलावलं. आमचा प्रेक्षक फक्त करमणूक मागतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मधली काही वर्षं आमच्या नाटकाला वाईट गेली. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने कितीतरी गावांत नाटकं ठरायची. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना बंदी केली आणि त्या तारखा गळाल्या. पटाला परवानगी मिळाली ती थेट डिसेंबर २०२१ मध्ये. तोवर करोनाने एक हंगाम पुरता गिळला होता. पेटीवाले रोजगार हमीवर गेले, एक चांगली गायिका भाजी विकताना दिसली. २०२३ च्या जानेवारीत कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मोहाडीतसुद्धा लोकांनी एकमेकांना पेढे दिले. त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. मला ते नाव अपुरं वाटतं. टाळी केव्हा घ्यायची यापेक्षा केव्हा सोडून द्यायची हे त्या माणसाला कळतं, आणि हे त्यांना कोणत्याही परीक्षणाने शिकवलेलं नाही.

यंदाही आमच्या मंडळात वाद चालू आहे. पोरांना वडशाचं नवं नाटक हवं, गायिका मुंबईकडे काम करून आलेली. जुन्या माणसांना दुय्यम खडी गंमत हवी. चार जण पवनीकडे एका गावी ते नाटक पाहून आले. तिघांनी होकार दिला. चौथा म्हणतो, दुसरा अंक लांबला आहे आणि नायकाची आई मरताना जेवढं बोलते तेवढं मरणारं माणूस बोलत नाही. मॅनेजरला हे सांगायचं, तो अंक आवळणार असेल तरच इसार द्यायचा, असा त्याचा हट्ट आहे. परवा त्यावर पुन्हा बैठक आहे. मलाही बोलावलं आहे, आणि मी त्या चौथ्याच्या बाजूने बोलणार आहे.